अर्धशिशी आणि डोकेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर : पहिल्या नोंदीपासून शेवटच्या सत्रापर्यंत

डोकेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेऊ पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक चित्र असते : डोके ठणकत असताना तज्ज्ञांकडे जायचे, त्यांनी नेमक्या जागी सुया टोचायच्या आणि अर्ध्या तासात मोकळ्या डोक्याने घरी परतायचे. असे कधीकधी घडतेही. परंतु ज्या पुराव्याच्या जोरावर आज या उपचाराची शिफारस होते, तो प्रामुख्याने पुढचे झटके कमी होण्याबद्दलचा आहे. चालू झटका सुईने थांबवण्याबद्दलचा पुरावा त्या मानाने फारच तोकडा आहे. त्यामुळे अ‍ॅक्युपंक्चरची तुलना वेदनाशामक गोळीशी करण्यापेक्षा रोज घ्याव्या लागणाऱ्या प्रतिबंधक औषधाशी करावी, आणि त्याचे यशापयश दोन-तीन महिन्यांच्या हिशेबावर तपासावे. हा मुद्दा पक्का झाला, की नोंद कशी ठेवायची, किती सत्रे घ्यायची आणि थांबायचे केव्हा, हे ठरवणे बरेच सोपे होते.

आधी दुखणे कोणते ते ठरवा

आपल्याकडे डोके ठणकते, भणभणते, जड होते, चढते, धरते. शब्दांची वाण नाही. डॉक्टरांसमोर मात्र आपण नुसते ‘डोके दुखते’ म्हणतो आणि निदानाला उपयोगी पडणारा निम्मा तपशील तिथेच गळून जातो. म्हणून दुखण्याचे वर्णन घरीच शांतपणे लिहून न्यावे.

अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास साधारण ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूचे आणि ठणक्याचे असते, मध्यम ते तीव्र असते आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढते. त्यासोबत मळमळ किंवा उलटी होते, अथवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे वाटतात. यांतील प्रत्येक लक्षण प्रत्येकाला असतेच असे नाही. काहींना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात आणि तो बहुधा ५ ते ६० मिनिटे टिकतो. याउलट ताणजन्य डोकेदुखी दोन्ही बाजूंना, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी, सौम्य ते मध्यम असते आणि चालल्याफिरल्याने वाढत नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यास मुख्यतः या दोन प्रकारांत झालेला आहे. एकाच डोळ्याच्या मागे असह्य कळ, त्या डोळ्यातून पाणी आणि त्याच बाजूची नाकपुडी चोंदणे, असा १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकणारा प्रकार असेल, तर ती क्लस्टर डोकेदुखी असू शकते. तिचे उपचार वेगळे आहेत आणि त्यासाठी थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.

एक चौथा प्रकार अनेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी. मुळात डोकेदुखीचा त्रास असलेल्या व्यक्तीने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान गटातील (अर्धशिशीचा चालू झटका थांबवणाऱ्या) किंवा एकात अनेक औषधे मिसळलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर गोळीच दुखण्याला खतपाणी घालू लागते. अशा रुग्णाने केवळ सुया टोचून घेऊन भागत नाही. डॉक्टरांच्या मदतीने गोळ्यांचे दिवस खाली आणणे हा उपचाराचा पहिला भाग ठरतो.

काही लक्षणे असताना मात्र अ‍ॅक्युपंक्चरचा विचारही बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत मान आखडणे. हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा झटके येऊन शरीर ताठरणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, ही ती लक्षणे होत. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही तपासल्याशिवाय सोडू नये. त्यात कानशील हाताला दुखत असेल, घास चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर धूसर होत असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असण्याची शक्यता असते आणि उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. कर्करोगाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी नव्या डोकेदुखीबाबत हीच दक्षता घ्यावी.

चार आठवड्यांची वही

निदान झाल्यावर लगेच पहिले सत्र ठरवण्याचा मोह होतो. माझा आग्रह आहे, की त्यापूर्वी चार आठवडे थांबावे आणि रोजची नोंद ठेवावी. हे वेळ काढणे वाटते, पण पुढचा सगळा निर्णय या वहीवर उभा राहणार आहे.

कारण असे : माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो त्रास शिगेला पोचलेला असताना. अर्धशिशीचा त्रास लाटांनी येतो. वाईट महिन्यानंतर बरेचदा काहीही न करता बरा महिना येतो. त्या उताराच्या वेळी आपण जे काही करत असू, मग त्या सुया असोत, काढा असो किंवा नवी उशी, त्याला सारे श्रेय मिळून जाते. आधीची नोंद नसेल तर ही फसगत ओळखायला कोणताच मार्ग उरत नाही.

वही साधी असावी. तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ, किती तास टिकले, ० ते १० मध्ये तीव्रता, बाजू, घेतलेल्या गोळ्यांचे नाव व संख्या, आणि शेवटी झोप, चुकलेले जेवण, मासिक पाळी यांसाठी एक रकाना. एखाद्या दिवसाची नोंद इतकीच असेल : ‘सकाळी ११ ते रात्री ८. उजवे कानशील, ठणका. ७. गोळ्या २. उलटी एकदा. आदल्या रात्री झोप चार तास.’ दुखले नाही त्या दिवशीही शून्य लिहावे. कोऱ्या जागेचा अर्थ महिन्याभराने आपला आपल्यालाही लागत नाही. चार आठवडे संपल्यावर दोन आकडे काढावेत : डोकेदुखीचे एकूण दिवस आणि गोळी घेतलेले एकूण दिवस.

पुरावा काय सांगतो

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठीच्या अ‍ॅक्युपंक्चरचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २२ चाचण्या आणि ४,९८५ रुग्ण होते. अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के रुग्णांमध्ये डोकेदुखीची वारंवारता निम्म्यावर किंवा त्याखाली आली, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. प्रतिबंधक औषधांशी तुलना केली, तेव्हा तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६ टक्के आणि सहा महिन्यांनी ५९ विरुद्ध ५४ टक्के असा निकाल आला. शिवाय त्रास झाल्यामुळे उपचार अर्धवट सोडणारे अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूला कमी होते. ताणजन्य डोकेदुखीवरील त्याच वर्षीच्या आढाव्याचाही कल याच दिशेचा आहे.

आता अडचणीची बाजू. खोट्या अ‍ॅक्युपंक्चरशी, म्हणजे भलत्या जागी किंवा अगदी वरवर टोचलेल्या सुयांशी, तुलना केली तर अर्धशिशीतील फरक ५० विरुद्ध ४१ टक्के इतकाच उरतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०२ रुग्णांच्या एका जर्मन चाचणीत तर खऱ्या सुयांनी ५१ टक्के, खोट्या सुयांनी ५३ टक्के आणि नुसत्या प्रतीक्षायादीतील १५ टक्के रुग्णांना तसा गुण आला. याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. काही म्हणतात, हा सारा अपेक्षेचा, स्पर्शाचा आणि तास-अर्धा तास निवांत पडून राहण्याचा परिणाम. इतरांचे म्हणणे, की वरवर टोचलेली सुईसुद्धा मज्जातंतूंना चेतवते, तेव्हा तिला निष्क्रिय मानणेच चूक. मला वाटते, दोन्हींत तथ्य आहे, आणि रुग्णाने यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा : सुया टोचण्याचे ‘गुप्त बिंदू’ केवळ आपल्यालाच ठाऊक असल्याचा दावा करणाऱ्याच्या मागे धावण्याचे काहीच कारण नाही.

शरीरात काय घडत असावे, याचे काही धागे हाती आहेत. चेहरा आणि कपाळ यांच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसा मेंदूच्या मुळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. मानेत गाठ धरली की दुखणे कपाळात का जाणवते याचे स्पष्टीकरण तिथे मिळते, आणि कवटीखालच्या सुयांनी डोक्यात उतार का पडावा याचेही काही अंशी तिथेच मिळते. सुई टोचल्याने शरीरातील एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये कामाला लागतात, असेही प्रयोगांतून दिसले आहे. पारंपरिक चिनी वैद्यक हीच गोष्ट नाड्यांच्या, म्हणजे जीवनशक्ती वाहते असे मानलेल्या मार्गांच्या, भाषेत सांगते : डोक्याच्या बाजूने जाणारी पित्ताशयाची नाडी, ४४ बिंदूंची, अर्धशिशीत महत्त्वाची मानली जाते. दोन्ही भाषा एकमेकींत भाषांतरित होतातच असे नाही.

तज्ज्ञ निवडताना

आपण राहतो तिथल्या कायद्यानुसार अ‍ॅक्युपंक्चर करण्याचा परवाना किंवा नोंदणी त्या व्यक्तीकडे आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर चार प्रश्न विचारावेत. डोकेदुखीचे किती रुग्ण आपण पाहता? सुया एकदाच वापरून फेकण्याच्या, निर्जंतुक पाकिटातल्या असतात का? किती सत्रांनंतर आपण आढावा घेता? माझी औषधे चालू ठेवायची का? दुसऱ्या प्रश्नाला ‘उकळून घेतो’ असे उत्तर आले तर तिथून उठावे. चौथ्या प्रश्नाला ‘पहिल्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद’ असे उत्तर आले तरीही उठावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, रक्तस्रावाचा विकार, गर्भारपण, हृदयाच्या झडपेचा आजार, पेसमेकर, धातूची अ‍ॅलर्जी, फिट्सचा त्रास आणि पूर्वी इंजेक्शनच्या वेळी भोवळ आल्याचा अनुभव, यांपैकी काहीही असेल तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. पेसमेकर असलेल्यांना सुयांमधून वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार टाळला जातो, तर गर्भारपणात हातावरचा, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील हेगू हा बिंदू आणि घोट्याजवळचे काही बिंदू परंपरेने वर्ज्य मानले जातात.

पहिले सत्र

उपाशीपोटी जाऊ नये; दीड-दोन तास आधी हलके खाल्लेले असावे. कपडे सैल असावेत, कोपरापर्यंत बाही आणि गुडघ्यापर्यंत विजार वर सारता यावी. वही सोबत घ्यावी. पहिली भेट लांबते, कारण चांगला तज्ज्ञ झोप, पचन, पाळी, मानेची ठेवण, जबडा आवळण्याची सवय अशी चौकशी करतो, मान आणि खांदे चाचपून पाहतो, आणि पारंपरिक पद्धतीचा असेल तर जीभ व नाडीही पाहतो.

पहिल्या वेळी झोपूनच सुया घ्याव्यात. बसून घेतल्यास भोवळ येण्याचा संभव अधिक. सुई साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची, पोकळ नसलेली आणि लवचीक असते. रक्त काढण्याची सुई तिच्या दुपटीहून जाड असते. ती बहुधा एका बारीक नळीतून त्वचेवर धरतात आणि वरच्या टोकावर बोटाने टिचकी मारतात. टोचल्याची जाणीव डास चावल्याइतकी, कधी तेवढीही नाही. खरी वेगळी जाणीव त्यानंतर, सुई थोडी फिरवली की येते : अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील हेगूवर सुई असेल, तर आतून जडपणा भरत जातो, बोथट कळ मनगटाच्या दिशेने पसरते आणि हात आपला नसून ओल्या वाळूचा आहे असे क्षणभर वाटते. चिनी परंपरेत याला ‘द ची’ म्हणतात आणि ते सुई योग्य जागी पोचल्याचे लक्षण मानतात. विजेचा झटका बसावा तशी तीक्ष्ण कळ किंवा जळजळ मात्र अपेक्षित नाही. ती आल्यास लगेच सांगावे, सुई मागे घेतली जाते. सहन करून दाखवण्याचा हा प्रसंग नव्हे.

डोकेदुखीत नेहमी वापरले जाणारे बिंदू ओळखीचे असावेत, म्हणजे काय चालले आहे ते कळते. कवटीच्या खालच्या कडेशी, मानेच्या मागे दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या खळग्यांत फेंगची हे दोन बिंदू आहेत. भुवईच्या बाहेरच्या टोकामागे, कानशिलाच्या खळग्यात ताइयांग आहे. डोक्याच्या माथ्यावर बाइहुई, आणि पावलावर अंगठा व शेजारचे बोट यांच्या मध्ये ताइचोंग. डोके दुखत असताना पायात सुई का, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. दुखणाऱ्या भागाजवळचे आणि त्यापासून दूरचे असे दोन्ही बिंदू एकत्र वापरण्याची या शास्त्राची रीतच आहे. सुया साधारणपणे २० ते ३० मिनिटे ठेवतात. त्या काळात मान हलवू नये आणि मोबाइल हातात घेऊ नये, कारण हातातही सुई असते.

सुया काढल्यावर दोन-तीन मिनिटे पडून राहावे आणि मग सावकाश उठावे. काहींना दिवसभर सुस्ती येते, म्हणून पहिल्या सत्रानंतर स्वतः गाडी चालवू नये. त्याच रात्री डोके थोडे दुखले तर घाबरू नये, फक्त वहीत लिहावे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास नोंदवला; त्यात सुईच्या जागी थोडे रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे सर्वांत जास्त, म्हणजे ६.१ टक्के होते. गंभीर इजा अतिशय दुर्मीळ असतात, पण असतात : खांद्यावर किंवा छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. सत्रानंतर काही तासांत धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचू लागले, तर थेट तातडीच्या विभागात जाऊन अ‍ॅक्युपंक्चर केल्याचे सांगावे.

किती सत्रे

इंग्लंडमधील नाईस या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक सूचना अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल आणि टोपिरामेट ही दोन्ही प्रतिबंधक औषधे चालत नसतील किंवा लागू पडत नसतील, तर ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सत्रांचा विचार करावा असे सांगते. दीर्घकालीन ताणजन्य डोकेदुखीसाठीही तितकीच सत्रे सुचवते. म्हणजे आठवड्याला एक किंवा दोन. महिन्यातून एकदा सवड मिळेल तेव्हा घेतलेले सत्र, ज्याला आपण बोलताना ‘सीटिंग’ म्हणतो, या हिशेबात बसत नाही. पहिल्या दोन सत्रांत काहीच जाणवले नाही म्हणून सोडून देणे जसे घाईचे, तसेच आढावा न घेता चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ भरणे अविचाराचे.

चालू औषधांना स्वतःहून हात लावू नये. प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद केल्यास हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. झटका आला तर नेहमीची गोळी वेळेवर घ्यावी, तिची मोजणी वहीत करावी, आणि प्रतिबंधक औषधाची मात्रा कमी करायची की नाही हे सत्रे संपल्यावर डॉक्टरांशी ठरवावे.

दोन सत्रांच्या मध्ये

सुया घरी टोचून घेऊ नयेत, मग कुणी कितीही सोपे असल्याचे सांगो. दाब देणे मात्र चालते. दोन्ही अंगठे कवटीखालच्या खळग्यांत ठेवून डोके किंचित मागे रेलू द्यावे आणि संथ श्वास घेत एक-दोन मिनिटे दाब ठेवावा. दाब अंगठ्यांनी लावण्यापेक्षा डोक्याच्या भारानेच पडू द्यावा. मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या घडीपासून आपलीच तीन बोटे वर, दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या (कंडरांच्या) मध्ये असलेला नेइगुआन हा बिंदू दाबतात. गरोदर स्त्रियांनी हेगू दाबू नये. झोपण्या-उठण्याची आणि जेवणाची वेळ या काळात फार बदलू नये. बदलल्यास गुण सुयांचा की नियमित झोपेचा, हे वहीलाही सांगता येणार नाही.

आढाव्याचा दिवस

सहाव्या सत्राच्या सुमारास एकदा आणि सत्रे संपल्यानंतरच्या चार आठवड्यांचे पान भरल्यावर पुन्हा एकदा हिशेब करावा. समजा, सुरुवातीच्या चार आठवड्यांत डोकेदुखीचे ९ दिवस आणि गोळ्यांचे ८ दिवस होते. शेवटच्या चार आठवड्यांत ते ४ आणि ३ झाले, तर संशोधनातल्या मोजपट्टीनेही तो गुण आहे. ७ आणि ७ झाले तर उत्तर तितके स्पष्ट नाही. झटके तेवढेच राहून तीव्रता ८ वरून ५ वर आली असेल आणि कामाचे बुडालेले दिवस कमी झाले असतील, तर काहींना तेही पुरेसे वाटते, आणि तसे ठरवण्याचा हक्क रुग्णाचाच आहे. ९ चे ९ राहिले असतील तर आणखी सत्रे वाढवू नयेत.

गुण आला असेल तर सत्रे एकदम तोडण्याऐवजी बरेच तज्ज्ञ ती तीन-चार आठवड्यांतून एकदा अशी विरळ करत नेतात. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या ४०१ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२ सत्रे दिली होती, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर केलेल्या मोजणीत अ‍ॅक्युपंक्चर गटातील रुग्णांना वर्षाला डोकेदुखीचे सुमारे २२ दिवस कमी असल्याचे दिसले. म्हणजे सत्रे थांबल्यावरही परिणाम काही काळ टिकू शकतो. म्हणून वही बंद करू नये, फक्त नोंद थोडक्यात ठेवावी. सलग दोन महिने आकडा पुन्हा चढू लागला, तर तीच पाने घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे, दुखण्याचा प्रकार बदललेला नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मगच सत्रांची दुसरी फेरी ठरवावी.